लेन्स जोडलेली नाही

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला ठाऊक आहे. ते कोणी मला नव्याने सांगू नये. मी एक झूम लेन्स आहे. माझे अंग धातूचे, वजन पाण्याने भरलेल्या बाटलीएवढे आणि पोटात तेरा काचा. आज मी ज्या कॅमेऱ्यावर बसते तो माझ्या कंपनीचा नाही. तो माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहे. आम्हा दोघांना एकत्र पाहून लोक हसतात. हसोत बापडे. माझी हकीकत पुरती ऐका आणि मग हसायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा उडू नये म्हणून कामगार डोक्याला टोप्या घालत आणि दारातच चपला बदलत. काच घासणारे वेगळे, काचेवर लेप चढवणारे वेगळे आणि त्या काचा एकामागून एक नळीत बसवणारे वेगळे. माझी शेवटची काच एका बाईने बसवली. मग तिने मला खिडकीपाशी नेले, समोरच्या धुराड्याच्या विटा माझ्यातून पाहिल्या आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ, विटांमधल्या रेघासुद्धा मोजता येतायत." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही, पण तिचा शब्द मी खाली पडू दिलेला नाही.

माझ्या अंगावर रबराचे एकच रुंद कडे आहे. ते पुढे-मागे सरकवले की लांबचे माणूस जवळ येते, आणि तेच कडे फिरवले की ते माणूस स्वच्छ दिसू लागते. हे सगळे हातानेच करावे लागते. माझ्यात मोटर नाही, तारा नाहीत, बॅटरी नाही. पाठीला मात्र तीन दात आहेत. ते माझ्या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या तोंडात अडकवून पिळले की 'टक' असा आवाज होतो आणि मी घट्ट बसते. या जोडाला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचा माउंट निराळा असतो, जसे प्रत्येक कुलपाचे छिद्र निराळे. का, तर एकदा आपल्या घरात आलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. हे मला फार उशिरा कळले.

माझा पहिला धनी वर्तमानपत्रासाठी खेळांचे फोटो काढत असे. मैदान कोणतेही असो, तो गोलच्या खांबाशेजारी उकिडवा बसायचा आणि मला गुडघ्यावर टेकवायचा. बावीस वर्षे आम्ही असे काढली. एकदा चेंडू सरळ माझ्यावर येऊन आदळला. माझ्या तोंडाच्या कडेला खोक पडली, पण काचेला ओरखडासुद्धा आला नाही. त्याने मला हाताने चाचपले, कडे फिरवून पाहिले आणि म्हणाला, "तू माझ्यापेक्षा दणकट आहेस." दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर गोलरक्षकाचा फोटो होता, हवेत आडवा झालेला, बोटांची टोके चेंडूला लागलेली. खाली नाव माझ्या धन्याचे होते. ते बरोबरच होते. पण ती बोटे मी पाहिली होती.

मग माझ्याच कंपनीने माउंट बदलला. आपोआप फोकस करणाऱ्या लेन्स आल्या. त्यांचे दात वेगळे, कॅमेऱ्यांची तोंडे वेगळी. नव्या कॅमेऱ्याला माझ्यासाठी जागा उरली नाही. मित्रांनो, मला परक्याने हाकलले नाही. ज्या घराचे नाव माझ्या कपाळावर कोरलेले आहे, त्याच घराने दार लावून घेतले. कचेरीतून नवे सामान आले, माझ्या धन्याने मला मऊ कापडात गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. तो वाईट माणूस नव्हता. तो विसरला, एवढेच.

त्या फळीवर मी नऊ वर्षे होते. भिंत ओलसर होती. पाचव्या की सहाव्या वर्षी माझ्या मधल्या काचेवर बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. माझ्या पोटात काहीतरी वाढते आहे हे मला कळत होते आणि मी काही करू शकत नव्हते. पुढे धन्याच्या मुलीने घर बदलले आणि जुन्या सामानाच्या खोक्यातून मी एका दुकानात आले.

ते दुकान जुन्या कॅमेऱ्यांचे होते. दुकानदार डोळ्याला भिंग लावून सगळ्यांना तपासायचा. त्याने मला उजेडासमोर धरले, तोंड वाकडे केले आणि एक चिठ्ठी चिकटवली. तीवर लिहिले होते: 'फक्त शोभेसाठी'. महिन्याभराने एक सजावटकार आला. त्याला एका चहाच्या दुकानाची भिंत जुन्या लेन्सने सजवायची होती. त्याने आमच्यातल्या आठजणी बाजूला काढल्या आणि डिंक कोणता वापरायचा यावर बोलू लागला. मला भिंतीला चिकटवणार होते. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे.

त्याच वेळी आत्या दुकानात आली.

तिला तिच्या भावाची मुलगी आत्या म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच फ्रेमच्या मापाने घासायची, काठ गुळगुळीत करायचा आणि फ्रेममध्ये बसवायची, हे तिचे काम. त्या दिवशी ती बारीक स्क्रूड्रायव्हर घ्यायला आली होती. टेबलावर आठ लेन्स मांडलेल्या पाहून तिने सहज मला उचलले आणि माझ्यातून ट्यूबलाइटकडे पाहिले.

"बुरशी आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर शोभेची," दुकानदार म्हणाला. "आणि हिला बसणारी कॅमेऱ्याची बॉडी आता मिळत नाही. घेऊन काय करणार?"

"बुरशी वरवरची आहे. काच अजून खाल्ली नाही." तिने माझे कडे सरकवून पाहिले. "माझ्याकडे कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कंपनीचा."

"मग राहिलंच."

"का? जोडायला मधे काही मिळत नाही?"

दुकानदाराने खांदे उडवले, पण खणातून एक काळे कडे काढून दिले. त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. त्याची एक बाजू माझ्या दातांसाठी असते आणि दुसरी त्या परक्या कॅमेऱ्यासाठी. सजावटकार म्हणाला, "अहो, मला आठ हव्यात. भिंतीचं गणित बिघडेल." आत्या म्हणाली, "सात लावा. कोणी मोजायला येत नाही."

त्या रविवारी तिने मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पांढऱ्या कापडावर उघडले. माझे पुढचे कडे रबराच्या तुकड्याने पिळून काढले, एकेक काच क्रमाने मांडली आणि प्रत्येकीची वरची बाजू कोणती ते पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवले. बुरशी पुसायला तिला दुपार लागली. कोपऱ्यात एक बारीक डाग राहिला तो राहिलाच. पुन्हा जुळवल्यावर तिने मला खिडकीबाहेर धरले. नऊ वर्षांनी मला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे दिसले, एकूण एक.

आता कॅमेऱ्याविषयी सांगते. तो आधी आत्याच्या भावाचा होता. ती त्याला दादा म्हणते. सहलीत कॅमेरा पडला, त्याची स्वतःची लेन्स फुटली आणि दादाने उरलेली बॉडी बहिणीला दिली. बिचारा दोन वर्षे तोंडाला झाकण लावून खणात पडला होता. आम्ही दोघेही टाकलेले, एवढेच आमचे नाते.

आत्याने आम्हाला जोडले. जोड थोडा हलत होता, म्हणून तिने अ‍ॅडॅप्टरचे तीन बारीक स्क्रू आवळले. मग तिने बटण दाबले. फोटो निघाला नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरे आली: 'लेन्स जोडलेली नाही'.

मित्रांनो, मी तिथे होते. माझे एवढे वजन त्याच्या नाकावर लटकत होते, खिडकीतला सगळा उजेड माझ्यातून त्याच्या पोटात जात होता, आणि तो म्हणत होता की इथे कोणी नाही. माझ्यात तारा नाहीत, त्यामुळे मी माझे नाव त्याच्या कानात सांगू शकत नाही. आणि जे नाव सांगत नाही ते नाहीच, असे त्याला कारखान्यात शिकवले होते.

आत्याने अर्धा तास त्याच्या सेटिंगच्या याद्या चाळल्या. शेवटी एका कोपऱ्यात तिला हवी ती ओळ सापडली: 'लेन्स नसतानाही फोटो काढू द्यावा'. तिने तिथे होकार दिला आणि बटण दाबले. चिमट्यांचा फोटो आला. एका चिमट्याची गंजलेली तारसुद्धा त्यात दिसत होती. फोटोच्या खाली कॅमेऱ्याने माहिती लिहिली: लेन्स, माहीत नाही. नाभीय अंतर, शून्य मिलिमीटर. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोखाली शून्यच लिहिले जाते. मला त्याचे काही वाटत नाही. शून्याने एवढे पाहिले, तर बाकीच्यांनी किती पाहायला हवे होते?

हसणारे पुष्कळ भेटले. दादा म्हणाला, "ही काय आवळ्याभोपळ्याची मोट बांधलीस?" मैदानावर एका गृहस्थाकडे भलीमोठी पांढरी लेन्स होती. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झालाय, बाई." आत्या कोणाला उलट बोलायची नाही. खाली तोंड केले की माझे कडे आपोआप घसरायचे, म्हणून तिने माझ्याभोवती एक रबर बँड चढवला आणि कामाला लागली. पहिल्या महिन्यात तिचे दहापैकी आठ फोटो धूसर यायचे. दुसऱ्या महिन्यात पाच. तिला घाई नव्हती. काच घासणाऱ्याला घाई करून चालत नाही.

ती मैदानावर जायची ते भाचीसाठी. भाचीचे अंग इतके बारीक की सगळे तिला सुतळी म्हणतात. ती चौदा वर्षांची आहे आणि शाळेच्या रिले संघात तिसरी धावते. रिले म्हणजे चौघींची शर्यत. पहिलीने हातातला बॅटन, म्हणजे आखूड पोकळ दांडा, दुसरीला द्यायचा, दुसरीने तिसरीला, तिसरीने चौथीला. हा बदल जमिनीवर आखलेल्या हद्दीच्या आतच व्हावा लागतो. हद्दीची रेषा ओलांडल्यावर बॅटन हातात पडला तर अख्खा संघ बाद.

आंतरशालेय स्पर्धेच्या दिवशी आत्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. तिला सुतळीने बॅटन देतानाचा फोटो हवा होता. तो तिसरा बदल. तिथे वळण संपून सरळ पट्टा सुरू होतो, त्यामुळे सगळ्या पट्ट्यांच्या हद्दीच्या रेषा जवळजवळ एका ओळीत येतात. आत्या त्या रेषांच्या बरोबर समोरच्या पायरीवर बसली. तिने रिकाम्या मैदानावर त्या पांढऱ्या रेषेवर माझा फोकस लावला आणि कडे हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. नव्या लेन्स धावणाऱ्याच्या मागे धावतात. मी तसे करत नाही. मी आधी जागा धरते आणि वाट पाहते.

पांढऱ्या लेन्सवाला गृहस्थ दोन पायऱ्या वर बसला होता. त्याच्या मुलीचा संघ वेगळाच होता. चौघींची शर्यत सुरू झाली. पहिला बदल, दुसरा बदल, मग वळणावरून सुतळी आली. तिच्या अंगात हिरवा बनियन होता. शेजारच्या पट्ट्यात निळ्या संघाची मुलगी तिच्याहून हातभर पुढे होती. आत्याने बटण दाबून धरले. त्या क्षणी मैदानाच्या कडेने पाण्याच्या बाटल्या घेऊन एक माणूस आडवा गेला, आणि वरच्या पांढऱ्या लेन्सने मुली सोडून त्याच्या सदऱ्यावर फोकस धरला. तिचा दोष नाही. जवळ जे आले ते तिने धरले. तो माणूस आमच्याही समोरून गेला होता. पण मला कोणी सांगितलेच नव्हते त्याच्याकडे बघायला.

निळा संघ पहिला आला आणि हिरवा दुसरा. आणि तिसऱ्या बदलापाशी उभ्या असलेल्या पंचाने पिवळी झेंडी वर केली. त्याचे म्हणणे, निळ्या मुलींनी रेषेपलीकडे बॅटन बदलला. ध्वनिक्षेपकावरून निकाल आला: निळा संघ बाद, पहिला क्रमांक हिरव्या संघाला. पुढच्या मोठ्या स्पर्धेला पहिला येणारा संघच जाणार होता. सुतळी आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पलीकडे निळ्या मुली गवतावर मटकन खाली बसल्या. त्यांच्या बाई पंचाशी बोलत होत्या, पण हातात दाखवायला काही नव्हते.

सुतळी पायऱ्या चढत आली. "आत्या, माझा फोटो दाखव ना."

आत्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवत होती. नवव्या फोटोवर तिचे बोट थांबले. तिने तो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "आधी पाणी पी. बूट बदल जा."

सुतळी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि गेली. दादा आणि शाळेचे खेळाचे सर शेजारीच उभे होते. आत्याने पडदा त्यांच्यापुढे धरला. फोटोत दोन्ही पट्टे स्वच्छ होते. बॅटन घेणाऱ्या निळ्या मुलीचा पाय रेषेच्या पलीकडे पडला होता. पण बॅटन तिच्या मुठीत होता, देणारीची बोटे उघडून बाजूला झाली होती, आणि तो बॅटन रेषेच्या अलीकडे होता. चांगला वीतभर अलीकडे. नियम बॅटनचा असतो, पायाचा नाही. हे सरांना माहीत होते. दादालाही माहीत होते.

सर हळू आवाजात म्हणाले, "ताई, निर्णय पंचांनी दिलाय, आपण नाही. तो फोटो पुसून टाका आणि मोकळ्या व्हा."

"तक्रारीला किती वेळ असतो, सर?"

"अर्धा तास. पण तक्रार त्यांनी करायची. आपण कशाला?"

दादा म्हणाला, "अगं, पोरगी तीन महिने पहाटे उठून धावतेय. सख्खी भाची आहे तुझी. परक्यांच्या पोरींचं तुला काय पडलंय?"

"दादा, मी दिवसभर लोकांना चष्मे करून देते. बघून न बघितल्यासारखं करायचं काम मला येत नाही."

"आणि त्या भंगार लेन्सच्या जिवावर जाणार तू? ती तुझ्या कॅमेऱ्याची पण नाही. कोण विश्वास ठेवणार?"

"ते बघू," आत्या म्हणाली आणि उठली.

भंगार. तो शब्द मी ऐकला. मला रागवता आले असते तर मी तेव्हा रागावले असते. पण खरे सांगते, मला आनंद झाला होता. वर्तमानपत्रात मी बावीस वर्षे काढली. लोकांना जे पाहायला आवडते ते मी पुष्कळ पाहिले. कोणालाच नको असलेली गोष्ट पाहून ती उचलून टेबलावर नेण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

वाटेत आत्याने निळ्या संघाच्या बाईंना बरोबर घेतले आणि मुख्य पंचांचे टेबल गाठले. मुख्य पंच एक वयस्क बाई होत्या. पाठ ताठ, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. त्यांच्या शेजारी संगणकावर निकाल भरणारा एक तरुण होता. त्याने फोटो संगणकावर घेतला, खालची माहिती वाचली आणि मान हलवली.

"यात गडबड आहे, मॅडम. लेन्स माहीत नाही, अंतर शून्य. असा फोटो निघतच नाही. काहीतरी जोडाजोडी केलेली दिसतेय."

"ह्या लेन्सने काढलाय," आत्याने मला पुढे केले.

त्याने माझ्या कपाळावरचे नाव वाचले, मग कॅमेऱ्यावरचे. "ही तर दुसऱ्याच कंपनीची आहे."

"हो. मी चष्म्याच्या दुकानात असते. तिथे काच एका कारखान्याची, फ्रेम दुसऱ्या कारखान्याची आणि नाक तिसऱ्याचंच. तरी माणसाला दिसतं."

मुख्य पंच बाईंनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "इथूनच एक फोटो काढून दाखवा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या बदलाच्या रेषेचा."

आत्याने चिकटपट्टी सोडली, कडे सरकवले, फिरवले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोकस झालेल्या कडा लाल चमकल्या आणि तिने बटण दाबले. तरुणाने तो फोटो उघडला. त्याच्याखालीही तेच: लेन्स माहीत नाही, अंतर शून्य. आणि फोटोत मैदानापलीकडे उभ्या असलेल्या त्या पंचाच्या मनगटावरचे घड्याळ दिसत होते. किती वाजले तेसुद्धा वाचता येत होते.

 बाईंनी आत्याने काढलेले सगळे फोटो क्रमाने पाहिले. मग झेंडीवाल्या पंचाला बोलावून नववा फोटो दाखवला. त्याने तो वाकून पाहिला. तो माणूसही खरा निघाला. म्हणाला, "मी पाय पाहिला, मॅडम. बॅटन पाहिला नाही." दुसऱ्या कोणी सबबी सांगितल्या असत्या.

ध्वनिक्षेपकावरून निकाल बदलला. निळा पहिला, हिरवा दुसरा.

परत येताना आम्ही दादाच्या गाडीत होतो. मी आत्याच्या मांडीवरच्या पिशवीत होते. सुतळी पुढे बाबांच्या शेजारी बसली होती आणि खिडकीबाहेर पाहत होती. घर आल्यावर ती गाडीचे दार न लावताच आत गेली. दादा उतरताना एवढेच म्हणाला, "खूश?" आत्या पिशवी उचलून चालू लागली. त्या संध्याकाळी तिने मला पुसून खणात ठेवले आणि खणाच्या कडेवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. तिला रडू येत होते की नाही ते मला सांगता येणार नाही. माझ्या तोंडावर झाकण होते.

अकरा दिवस सुतळी तिच्याशी बोलली नाही. दादाचा फोन आला नाही. शाळेतल्या कोणी कोणी तर आत्याला घरभेदी म्हटले. आत्या रोज दुकानात जायची आणि मलाही पिशवीतून न्यायची. का, ते तिलाच माहीत. दुकानात काच घासण्याच्या यंत्राचा आवाज दिवसभर चाले, आणि मी काउंटरखालच्या फळीवर बसून तो ऐकत असे.

बाराव्या दिवशी दुपारी सुतळी आली. दप्तर पाठीवरच होते. डोळे तपासायच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहत म्हणाली, "ते फोटो दाखव."

आत्याने यंत्र बंद केले आणि दुकानातल्या संगणकावर सगळे फोटो लावले. सुतळीने नववा पाहिला. मग तिने मागे जायला सुरुवात केली. आठवा, सातवा, सहावा. पाचव्यावर थांबली. त्यात तिचा हात पुढे ताणलेला होता आणि बॅटन मैत्रिणीच्या पंजाशेजारून हवेत गेला होता. पंजा रिकामा.

"इथं माझा हात चुकला," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मारला तेव्हा बसला."

"हो."

"तू हे तेव्हाच पाहिलं होतंस?"

"हो."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. आणि ते तुझं होतं."

सुतळीने पाचवा फोटो मोठा केला. तो फुटला नाही, धूसर झाला नाही. तिच्या मनगटावरचा घामसुद्धा दिसत होता. ती म्हणाली, "म्हणजे झेंडी वर गेली नसती तर आम्ही दुसऱ्याच होतो."

"दुसऱ्याच होतात."

एक गिऱ्हाईक आले, चष्म्याची दांडी बसवून घेऊन गेले. तोवर सुतळी तिथेच बसली होती. मग दप्तर सावरून उठली. "मी अजून रागावलेय," ती म्हणाली.

"असू दे."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "शनिवारी सराव आहे. तू ये. ही लेन्स घेऊन ये. हात कुठे चुकतो ते मला प्रत्येक वेळी बघायचंय."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही मैदानावर असतो. दादा अजून माझ्याकडे सरळ पाहत नाही, पण मागच्या आठवड्यात तो आत्यासाठी बसायला घडीची खुर्ची घेऊन आला. निळ्या संघाच्या बाईही एकदा आल्या होत्या. त्यांच्या मुलींचे हात कुठे चुकतात ते पाहायला. आत्याने त्यांनाही दाखवले.

मित्रांनो, माझी एक मागणी आहे, आणि ती मी हात जोडून करणार नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरीही असतील. त्यांना ओलसर भिंतीच्या कपाटात कोंडू नका. भिंतीला चिकटवू नका. वर्षातून दोनदा बाहेर काढा, पुसा, उजेड दाखवा आणि कामाला लावा. एखादी वस्तू तुमच्याकडच्या दुसऱ्या वस्तूला बसत नसेल तर ती वाईट आहे असे म्हणू नका. मधले कडे शोधा, ते कुठे ना कुठे मिळते. माझ्या फोटोखाली शून्य लिहायचे तर खुशाल लिहा. फक्त मी जे पाहिले ते पुसायला सांगू नका. ते माझ्याने होणार नाही.

आता जरा बाजूला व्हा. मुली वळणावर आल्या आहेत आणि तुम्ही रेषेच्या आड उभे आहात.